डावा तळहात

सोलापूर,
९ जून २०२५

आदरणीय गिरिजाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी संस्कृती. सोलापुरात सात रस्त्याच्या पुढे बौद्धिक अपंग मोठ्या माणसांसाठी आमचं निवासगृह आहे, तिथली नर्स. तुमची भाची चन्नम्मा एप्रिलपासून आमच्याकडे आहे. तिच्या कागदांवर नातेवाईक म्हणून मावशीचं, म्हणजे तुमचंच नाव आहे. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तुम्ही 'ऐकू येत नाही, पत्र लिहा' म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून लिहायला बसले. दहावीच्या पेपरात लिहिलं तेच शेवटचं पत्र, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

चन्नम्मा तशी गुणाची आहे. अडतीस वर्षांची बाई, पण कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालते. फक्त एका सवयीनं आम्हाला हैराण केलंय. ताट समोर आलं की ती मांडी घालून बसते, डावा तळहात पुढे करते आणि त्याच्याकडे बघत राहते. अर्धा अर्धा तास. तोवर घास नाही. आमच्या स्वयंपाकाच्या बजाबाईंनी त्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवून पाहिला, तिनं तो खाली सोडून दिला. मी बिस्किट ठेवलं, केळं ठेवलं. तिचं गाव मैंदर्गी अक्कलकोटजवळ, म्हणून स्वामी समर्थांचा छोटा फोटोही ठेवला. "बेडा" म्हणाली. बेडा म्हणजे नको, एवढं कानडी आता मला येतं.

बजाबाई चिडतात. "डाव्या हातावर अन्न घेत्यात व्हय पोरी? काय शिकिवलंय का न्हाय आईनं?" डॉक्टर म्हणतात, अशा लोकांत एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची सवय असते, गोळी वाढवून बघू. मला गोळी वाढवायची घाई नाही. हात पुढे करायची ही सवय घरापासूनची आहे का? ती काय मागते? तुम्हाला माहीत असेल तर दोन ओळी लिहा. ती मधूनच "अव्वा?", म्हणजे आई, असं विचारते आणि दाराकडे बघते. त्याला काय उत्तर द्यायचं तेही कळवा.

तुमची,
संस्कृती

*

मैंदर्गी,
१४ जून २०२५

सिस्टर संस्कृती यांस,
नमस्कार.

पत्र मिळाले. अक्षर बरे आहे, ओळी मात्र उतरत जातात. खाली रेघांचा कागद ठेवावा.

चन्नम्मा लहानपणापासून हट्टी. माझी थोरली बहीण सुंदरम्मा हिने तिला फार लाडावून ठेवले होते. हाताच्या सवयीविषयी मला काही सांगता येणार नाही. त्यांच्या घरी माझे जाणे-येणे नव्हते. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. सवय लागते तशी मोडताही येते. न चिडता, रोज, एकाच पद्धतीने सांगत राहावे.

अव्वाविषयी विचारले तर अव्वा जत्रेला गेली आहे असे सांगावे. आम्ही तेच सांगितले आहे.

गिरिजाबाई

*

सोलापूर,
५ जुलै २०२५

आदरणीय गिरिजाबाई,
सप्रेम नमस्कार.

रेघांचा कागद घेतलाय, बघा.

तुमचं ऐकलं आणि फळ मिळालं! पंधरा-वीस दिवस मी रोज दोन्ही वेळा तिच्याशेजारी बसले. डावा हात पुढे आला की मी तो हळूच मांडीवर ठेवायची आणि उजवा पुढे करायची. उजव्या हातावर खडीसाखर. तरी डावा यायचाच, म्हणून त्यावर कापडाची पिशवी शिवून घातली, मनगटाशी नाडी. दुखत नाही हो, मऊ आहे, जुन्या साडीची. आता ती डावा हात पुढे करत नाही. डॉक्टरांनी आमच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. अधीक्षक कमलाकर सरांनी इतर नर्सना सांगितलं की संस्कृतीकडून शिका. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

तुमची,
संस्कृती

ता. क. दोन दिवस ती अर्ध्या भाकरीवर उठते आहे. हवा बदलली म्हणून असेल.

*

सोलापूर,
१७ जुलै २०२५

गिरिजाबाई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

चन्नम्मानं खाणं सोडलंय. आली तेव्हा सत्तेचाळीस किलो होती, काल एक्केचाळीस भरली. कपभर दूध आणि अर्धं केळं, तेही मी हातापाया पडल्यावर. भूक नसते असं नाही. ताटाकडे बघते, गिळते, आणि तोंड फिरवते. घड्या घालायच्याही सोडल्यात. कमलाकर सर म्हणतात, अजून दोन-तीन आठवडे बघू, मग दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. नळी ती ओढून काढणार हे मला आत्ताच दिसतंय. मग हात बांधतील. दोन्ही.

आता ऐका. काल मी सात रस्त्याला औषधं आणायला गेले होते. दुकानाचे मालक कल्लप्पा आतल्या बाजूला बसले होते, जेवणाचा डबा बाजूला झाकलेला. कपाळाला भस्म. त्यांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून काळं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. पाण्याचे दोन थेंब, एक बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत बसले. कोपर मांडीला टेकलेलं, बोटं जराशी वर. गिरिजाबाई, तोच हात. अगदी तोच. मी चिठ्ठी हातात धरून तशीच उभी राहिले.

आटोपल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, "ह्याच्याबिगर अन्न घेत न्हाई आमी. आदी हे, मग ऊटा." ऊटा म्हणजे जेवण. आणि मग म्हणाले, "का वो बाई, रडालाव का?"

लिंगायत लोक गळ्यात लिंग घालतात हे सोलापुरात कुणाला माहीत नाही? पण पूजा कशी करतात ते सांगोल्याच्या आमच्या वस्तीवर मी कधी पाहिलं नव्हतं. आणि चन्नम्माच्या गळ्यात काहीच नव्हतं, म्हणून डोक्यातच आलं नाही. आमच्या फॉर्मवर 'श्रद्धा व उपासना' असा एक रकाना असतो. नर्सिंगला आम्हाला तो शिकवतात. मी त्यात लिहिलं होतं, 'लागू नाही'. फक्त तिच्याच नाही, आमच्याकडे बत्तीस जण आहेत, सगळ्यांच्या फॉर्मवर तेच. आणि देवापुढे धरलेल्या हाताला मी तीन आठवडे पिशवी घातली, वर कौतुक करून घेतलं. पिशवी कालच काढली. हात आता पुढे येत नाही. मी धरून पुढे केला तरी तो मांडीवर जातो. मी फार चांगलं शिकवलंय.

तुम्ही तर त्याच घरातल्या. तुम्हाला हा हात ओळखू आला नाही? की आला होता? आणि तिच्या गळ्यात लिंग नाही, तर मग ती काय मागते?

संस्कृती

*

मैंदर्गी,
२१ जुलै २०२५

संस्कृतीबाई,

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्या पत्राच्या वेळीच मला हात ओळखू आला होता. मी खोटे लिहिले. एकतीस वर्षे मुलांना खोटे बोलू नये असे शिकवणाऱ्या बाईने लिहिले.

आमच्या घरी मुले आठ वर्षांची झाली की मठातले स्वामी येऊन लिंगदीक्षा देत. गळ्यात लिंग येते, कानात मंत्र सांगतात. त्यानंतर ते लिंग जन्मभर अंगावेगळे करायचे नाही. कुणाच्या हाती द्यायचे नाही, दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, पूजेशिवाय जेवायचे नाही. चन्नम्माच्या वेळी घरातल्या पाच मुलांची दीक्षा एकाच दिवशी ठरली होती. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, घरात माझ्या शब्दाला मान होता. मी म्हणाले, हिला काय कळणार आहे, ही ते कुठे तरी टाकून देईल. लिंग हरवणे म्हणजे आमच्यात जीव गेल्यासारखे. सगळ्यांना पटले. चारच मुलांची दीक्षा झाली. चन्नी नवे परकर-पोलके नेसून दाराशी बसली होती. तिला कुणी आत बोलावले नाही.

पुढे एकदा सकाळी मी अक्काकडे, सुंदरम्माकडे, गेले. ती पूजेला बसली होती आणि चन्नी समोर. पूजा झाल्यावर अक्काने आपल्या हातावरचे लिंग उचलून चन्नीच्या डाव्या तळहातावर ठेवले. पोरगी त्याच्याकडे बघत बसली. मग अक्का म्हणाली, "ऊटा माडु", जेव आता. हे रोज चालत असणार, हे मला त्या दोघींच्या सरावावरून कळले. मी ते लिंग ओढून घेतले, धुतले आणि अक्काला नाही नाही ते बोलले. अक्का एवढेच म्हणाली, "गिरिजा, ती उपाशी बसते गं." त्यानंतर बावीस वर्षे आम्ही बहिणी बोललो नाही. एकाच गावात, चार घरे सोडून.

चन्नी ते लिंग मागते आहे. ते आता नाही. अक्का एप्रिलमध्ये लिंगैक्य झाली. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून माती देतात आणि त्याचे लिंग त्याच्या हातात ठेवतात. अक्काच्या हातात मीच ठेवले.

त्या वेळी चन्नीला शेजारच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. गोंधळ घालेल म्हणून. तीही माझीच सूचना.

आता काय करता येईल, मला सुचत नाही. दीक्षेचे वय गेले. नियम तिला पाळता येणार नाहीत. तुम्ही दवाखान्याचे बघा. पैशाची चिंता करू नका, माझी पेन्शन आहे.

गिरिजाबाई

*

सोलापूर,
२५ जुलै २०२५

गिरिजाबाई,

पैशाचं कोण विचारतंय? मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. अर्धा तुमच्यावर आहे, अर्धा माझ्यावर.

नियम पाळता येणार नाहीत म्हणता. सांगा ना, कोणता पाळता येणार नाही? पूजेशिवाय जेवायचं नाही, हा? तो ती दीक्षा न घेताच पाळते आहे. तिचं वजन आज चाळीसवर आलंय. तुमच्या चार दीक्षावाल्या मुलांपैकी आज किती जण पूजेशिवाय चहाला हात लावत नाहीत, ते मला कळवा.

हरवण्याची भीती. फिट आली तर दोरा गळ्याला आवळेल, ही आमच्या बाजूची भीती. मी कल्लप्पांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारी माणसं दंडाला बांधतात, चालतं. मी कमलाकर सरांशी बोलले. आधी म्हणाले, एकाला केलं की उद्या बत्तीस जणांचे बत्तीस देव येतील. मी म्हटलं, येऊ द्या की सर, कपाटं रिकामी आहेत. ते हसले नाहीत, पण परवानगी दिली. बारा ऑगस्टपर्यंत ती जेवायला लागली तर नळी नाही. प्रत्येक पाळीच्या नर्सनं दंडावर लिंग आहे का ते बघून तक्त्यावर सही करायची, असा तक्ता मी आखला आहे. हरवलं तर शोधू. आमच्याकडे लोकांचे दात हरवतात, तेही शोधतो.

दुसरी गोष्ट. जत्रेचं मी यापुढे सांगणार नाही. काल तिनं "अव्वा?" विचारलं तेव्हा मी उगाच तिची चादर नीट करत राहिले. बजाबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. सकाळी मला म्हणाल्या, "जत्रा कुटं चार म्हैने चालती का? पोरीला येडी समजता व्हय तुमी?" बजाबाईंनी तिच्या हातावर एकदा चापट मारली होती, ते त्यांना सोसत नाहीये. तिची आई गेली हे तिला कुणी तरी सांगितलं पाहिजे. मला कानडी येत नाही. आणि मी तिची कोण? तुम्ही या.

संस्कृती

*

मैंदर्गी,
३१ जुलै २०२५

चि. संस्कृती हिस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मला दोन दिवस राग आला. 'तू' लिहिते आहे, चालेल ना? माझ्या विद्यार्थिनींच्या मुली तुझ्या वयाच्या आहेत.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: एकही नाही. चौघांतल्या दोघांच्या गळ्यातले लिंग तर कपाटात आहे. मी स्वतः पूजा करते, पण प्रवासात चुकते.

मठात गेले. स्वामी तरुण आहेत, माझ्याच हाताखाली पहिलीला होते. मी सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, तिला काही समजत नाही, तेव्हा दीक्षा देणे योग्य होईल का? ते म्हणाले, "बाई, आठव्या वर्षी तुमाला किती समजलं होतं?" पहिलीत मी त्यांना कोपऱ्यात उभे करत असे.

अकरा ऑगस्टला श्रावणी सोमवार आहे, त्या दिवशी देतो म्हणाले. मी नऊ तारखेला सकाळच्या एस.टी.ने येते. चन्नीची पिशवी भरून ठेव. तिची औषधे आणि वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिही. तुमच्या सरांना सांग, बाराला तिच्या जेवणाचे फोनवर कळवीन, ऐकायला शेजारणीला बसवीन.

तिला दूध तरी पाज तोवर. मला रात्रंदिवस तिचे वजन दिसते.

गिरिजाबाई

*

मैंदर्गी,
१३ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृती हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर 'जेवली' एवढेच सांगितले. तू पलीकडे काय म्हणालीस ते ऐकू आले नाही, पण शेजारीण म्हणाली की ती पोर ओरडली. आता सविस्तर लिहिते. ओळी वाकड्या आल्या तर तू मला बोल.

रविवारी मी चन्नीला मळ्यात नेले, जिथे अक्काला माती दिली तिथे. वाटेत दहा वाक्ये जुळवली होती. तिथे गेल्यावर एकही आठवले नाही. मी सांगितले, अव्वा जत्रेला गेली नव्हती, मी खोटे बोलले, अव्वा गेली, इथे आहे. ती मातीकडे बघत राहिली. मला वाटले, कळले नाही. मग ती खाली बसली आणि रडली. मी तिला रडताना कधी पाहिले नव्हते, कारण रडण्याच्या दिवशी मी तिला कोंडले होते. मीही रडले. बावीस वर्षांचे होते. घरी येताना तिने माझा पदर धरला होता.

सोमवारी दीक्षा झाली. स्वामींनी कानात मंत्र सांगितला तेव्हा तिने त्यांचे डोके दोन्ही हातांनी धरून ठेवले, सोडेना. त्यांनीही सोडवून घेतले नाही. दंडाला लिंग बांधले. त्या दिवशी ती सारखी बाहीवर हात ठेवून ते आहे का बघत होती. जेवली मात्र नाही, दूधच प्यायली. मी पूर्ण रात्र जागी. उद्या बारा तारीख, हेच डोक्यात.

मंगळवारी सकाळी तिने आंघोळ केली. कपाळाला तीन बोटे भस्म लावले. मांडी घातली, दंडाचे सोडले, आणि डावा हात पुढे केला. तू शिकवलेले ती विसरली, काळजी करू नकोस. पाणी, पान, बघणे. ओठ हलत होते. मी काहीही सांगितले नाही, नुसती भाकरी झाकून बसले होते. एकतीस वर्षांत इतके नीट काही करणारे मूल माझ्या वर्गात आले नाही.

पूजा झाली. आता बांधील आणि जेवेल म्हणून मी ताट पुढे सरकवले. तर तिने लिंग उजव्या हाताने उचलले आणि माझ्याकडे वळली. "तगो, चिगव्वा." घे, मावशी.

संस्कृती, तिच्या अव्वाने तीस वर्षे असेच केले होते. तिच्या लेखी पूजा अशीच संपते. आपले झाले की समोरच्याच्या हातावर द्यायचे, मग जेवायचे.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही. हे मी तुला लिहिले होते, अक्काला ऐकवले होते, आणि आदल्याच दिवशी स्वामींनी आम्हा दोघींना पुन्हा सांगितले होते. दार उघडे होते. शेजारीण उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मी हात मागे घेतला. हे तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हणाले, चन्नी, ते तुझे आहे, बांध. ती हलली नाही. रागावलीही नाही. हात पुढे धरून बसून राहिली. भाकरी गार झाली. तिच्या अंगात काही उरलेच नव्हते. तरी तिने हात खाली घेतला नाही.

शेवटी मी डावा हात पुढे केला.

तिने ठेवले. मी बघावे म्हणून माझी मान हाताने खाली वळवली. मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. मग तिने ते परत घेतले, दंडाला बांधून घेतले, आणि ताट ओढले. दीड भाकरी, वांग्याची भाजी, वर शेंगाचटणी मागून घेतली.

स्वामींना मी हे सांगितले आहे. परवानगी मागितली नाही.

येत्या सोमवारी तिला घेऊन येते. तुझा तक्ता दाराला लाव. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू गोंधळणार नाहीस. सकाळी पूजा झाली की ती जी कोणी समोर असेल तिच्याकडे वळेल. तू असशील, बजाबाई असतील. तुम्ही कोण, कुठल्या, कोणत्या देवाच्या, हे ती विचारणार नाही. मीही विचारत नाही. हात पुढे करायचा की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. फक्त फार वेळ ठरवत बसू नका. तिला भूक लागलेली असते.

तुझी,
गिरिजाबाई